सवय बदलायची, पण कोणाची?

(निरनिराळ्या राज्यांत कारखाना शाखांवर आणि सुरक्षा समित्यांवर काम करणाऱ्या मराठी भाषक कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर.)



मला दिलेला विषय ‘वर्तनबदलाचा परिणामकारक कार्यक्रम कसा आखावा’ असा आहे. शब्द जड आहेत, पण प्रश्न साधा आहे. माणसे एखादे काम रोज एका पद्धतीने करतात. त्या पद्धतीत त्यांच्याच जिवाला धोका असतो. ती पद्धत त्यांनी सोडावी आणि दुसरी धरावी, यासाठी संघटनेने नेमके काय करायचे?

हा प्रश्न आजवर बहुतेक ठिकाणी व्यवस्थापनाने विचारला आणि त्याचे उत्तरही व्यवस्थापनानेच दिले. दर वर्षी ४ मार्च उजाडला की सुरक्षा सप्ताह सुरू होतो. गेटवर कापडी फलक लागतो. सकाळच्या पाळीला रांगेत उभे करून शपथ दिली जाते. घोषवाक्यांची स्पर्धा होते, बक्षीस म्हणून भिंतीवरचे घड्याळ मिळते. आठवडा संपतो, फलक उतरतो आणि प्रेसवरच्या कामगाराचा हात पूर्वीसारखाच डायमध्ये जाऊ लागतो. मग साहेब म्हणतात, ‘यांना कितीही सांगा, हे सुधारायचे नाहीत.’

यावर आपल्यातले काही जण दुसऱ्या टोकाला जातात. त्यांच्या मते सवयी, शिस्त, प्रबोधन ही सगळी मालकाची भाषा आहे, संघटनेने त्यात पडूच नये. मला हे मान्य नाही. बोटे आपल्या माणसांची तुटतात. धूळ आपल्या माणसांच्या छातीत जाते. तेव्हा सवयी बदलण्याचे काम आपलेच आहे. फक्त ते कोणत्या क्रमाने करायचे, हे नीट समजून घेतले पाहिजे. आज मला दोनच गोष्टी सांगायच्या आहेत. पहिली, सवयीचे कारण कामाच्या रचनेत असेल तर आधी रचना बदलावी लागते, उपदेश नंतर. दुसरी, बदलाचा निर्णय ज्यांच्या अंगावर पडणार आहे त्यांनी तो स्वतः, एकत्र बसून घ्यावा लागतो. बाकी जे सांगेन तो याच दोन गोष्टींचा विस्तार आहे.

८८ टक्क्यांची गोष्ट

सुरक्षेच्या प्रशिक्षणाला जे गेले असतील त्यांनी ‘बहुतेक अपघात कामगाराच्या चुकीने होतात’ हे वाक्य ऐकलेले असेल. कोणी ८० टक्के सांगतो, कोणी ९०. हा आकडा आला कुठून?

अमेरिकेत एच. डब्ल्यू. हाइनरिक नावाचे गृहस्थ एका विमा कंपनीत काम करीत. १९३१ साली त्यांनी औद्योगिक अपघातांवर एक पुस्तक लिहिले. सुमारे ७५,००० अपघातांच्या नोंदी तपासून त्यांनी निष्कर्ष काढला, की १०० पैकी ८८ अपघात माणसाच्या असुरक्षित कृतीमुळे होतात, १० असुरक्षित परिस्थितीमुळे आणि २ टाळता न येणारे असतात. पण त्या नोंदी होत्या कोणाच्या? विमा कंपनीच्या फायली आणि कारखानदारांनी ठेवलेली दप्तरे. म्हणजे अपघात झाल्यावर कारण लिहिणारा हात मुकादमाचा किंवा मालकाचा. स्वतःच्या यंत्राला किंवा उत्पादनाच्या सक्तीला दोष देणारी नोंद तो किती वेळा करणार? शिवाय एका अपघाताला एकच कारण मानायचे, ही पद्धतच सदोष होती. गार्ड नसलेल्या यंत्रात घाईघाईने हात घातला आणि बोट गेले, तर कारण घाई, की गार्ड नसणे, की घाई करायला लावणारे टार्गेट?

तरीही तो आकडा टिकला, कारण तो सोयीचा होता. पुढे त्याच विचारातून वर्तनावर आधारित सुरक्षेचे कार्यक्रम निघाले. कामगारांनीच कामगारांवर लक्ष ठेवायचे, कार्डावर खुणा करायच्या, ‘असुरक्षित वर्तन’ मोजायचे, असे त्याचे स्वरूप. अमेरिकेतल्या पोलाद आणि मोटार कामगारांच्या संघटनांनी त्याला उघड विरोध केला. यंत्राचा दोष माणसावर ढकलला जातो, हा त्यांचा मुख्य आक्षेप होता.

आपल्याला इतक्या लांब जायचे कारण नाही. २-३ डिसेंबर १९८४ च्या रात्री भोपाळमध्ये युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून विषारी वायू सुटला, तेव्हा वायूच्या टाकीचे शीतकरण महिनोन्‌महिने बंद होते आणि वायू जाळून टाकणारा मनोरा दुरुस्तीअभावी निकामी होता. त्याआधी, डिसेंबर १९८१ मध्ये, तिथे फॉस्जीन वायूने एका कामगाराचा बळी घेतला होता आणि कामगारांनी धोक्याविरुद्ध आवाजही उठवला होता. एवढे असूनही कंपनीने पुढे काय सांगितले? कोणा एका नाराज कामगाराने मुद्दाम पाणी सोडले म्हणून दुर्घटना झाली. दोष शोधताना नजर पहिल्यांदा कुठे वळते, ते यावरून ध्यानात येईल.

दोन सेकंदांचा हिशेब

आता आपल्या रोजच्या कामातले एक उदाहरण घेऊ. मोटारींचे सुटे भाग करणारी छोटी-मोठी वर्कशॉप्स चाकण, नाशिक, गुरुग्राम-मानेसर, फरिदाबाद, रुद्रपूर, होसूर अशी देशभर पसरली आहेत. त्यांतल्या पॉवर प्रेसवर बोटे तुटणे ही नेहमीची गोष्ट झाली आहे. काम तुम्हाला ठाऊक आहे. पत्र्याचा तुकडा डायवर ठेवायचा, पेडल दाबायचे, रॅम खाली येतो, तयार नग काढायचा, पुढचा तुकडा ठेवायचा.

हे काम सुरक्षित करण्याचे मार्ग जुने आणि माहितीचे आहेत. पेडल काढून दोन बटणे बसवायची. दोन्ही हातांनी ती एकाच वेळी दाबल्याशिवाय रॅम हलत नाही, म्हणजे हात आपोआप डायच्या बाहेर राहतात. किंवा पुढे सेन्सरचा पडदा बसवायचा, हात आत असला तर यंत्र थांबते. तरीही पुष्कळ ठिकाणी काय दिसते? एक बटण चिकटपट्टीने किंवा खिळ्याने कायमचे दाबून ठेवलेले. सेन्सर बंद. गार्ड भिंतीला टेकवून ठेवलेला.

कामगाराला बोटे नकोशी झाली आहेत म्हणून तो असे करतो का? हिशेब करून पाहा. समजा, दोन्ही बटणे वापरल्याने एका नगामागे फक्त दोन सेकंद जास्त लागतात. पाळीचे टार्गेट ३,००० नगांचे आहे. ३,००० गुणिले दोन म्हणजे ६,००० सेकंद, म्हणजे १०० मिनिटे, म्हणजे एक तास चाळीस मिनिटे. हा वेळ तो कुठून आणणार? टार्गेट ठरवताना बटण बांधलेल्या यंत्राचाच वेग धरलेला असेल, तर नियमाने काम करणारा रोज मागे पडणार. तो कायम असेल तर त्याला मेमो मिळेल. कंत्राटी असेल तर उद्या गेटवरूनच परत पाठवला जाईल.

म्हणून गार्ड काढणारा हात कामगाराचा दिसला, तरी तो काढायला लावणारे टार्गेट ऑफिसात बसून ठरवलेले असते. सवय बदलायची ती कोणाची, हा प्रश्न इथे उभा राहतो. प्रेसवरच्या माणसाची सवय बदलायची असेल, तर नगांचा आकडा ठरवणाऱ्याची सवय आधी बदलावी लागेल.

आणि यात केवळ शब्दांचा वाद नाही, भरपाईच्या पैशांचा प्रश्न आहे. १९२३ च्या नुकसानभरपाईच्या कायद्यात एक तरतूद होती आणि २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ती आली आहे. कामगाराने सुरक्षेचा नियम जाणूनबुजून मोडला किंवा गार्ड जाणूनबुजून काढला आणि त्याचा थेट परिणाम म्हणून इजा झाली, तर मालकावर भरपाईची जबाबदारी राहत नाही. मृत्यू किंवा कायमचे संपूर्ण अपंगत्व आले तर हा बचाव चालत नाही. पण दोन बोटे गेली तर ते कायद्याच्या भाषेत अंशतः अपंगत्व. ज्याला ईएसआय लागू नाही अशा कामगाराच्या अपघाताच्या कागदावर ‘स्वतः गार्ड काढला’ एवढे तीन शब्द लिहून त्याची सही घेतली, की त्याचा दावा अडचणीत येतो. तेव्हा अपघाताचा अहवाल कोण लिहितो आणि त्यात कारण म्हणून काय लिहितो, यावर शाखेची नजर असलीच पाहिजे.

तीन प्रश्न

कोणतीही सवय बदलायला निघण्यापूर्वी तिच्याबद्दल तीन प्रश्न विचारावेत, असे माझे सांगणे आहे. ठाऊक आहे का? शक्य आहे का? परवडते का? ब्रिटनमधल्या अभ्यासकांनी २०११ साली हाच विचार शास्त्रीय भाषेत मांडला. क्षमता, संधी आणि प्रेरणा या तिन्ही गोष्टी जुळल्या तरच वर्तन घडते, असे त्यांनी म्हटले. आपल्याला आपली भाषा पुरे.

फलक, शपथ, व्याख्यान यांनी फक्त पहिल्या प्रश्नाचे उत्तर मिळते. धोका ठाऊक नसेल तर सांगितल्याने फरक पडतो. एखाद्या रसायनाच्या पिंपावरची सूचना इंग्रजीत असेल आणि काम करणारा ओडिया किंवा भोजपुरी बोलणारा असेल, तर त्याच्या भाषेत सांगणे हे मोठेच काम आहे. पण प्रेसवरच्या माणसाला रॅमखाली बोट गेले तर काय होते हे कोणी शिकवायला नको. त्याच्या शेजारच्याचे गेलेले त्याने पाहिलेले असते. त्याच्यापुढे अडचण दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रश्नाची असते.

केरळमधले एक उदाहरण सांगतो. कोझिकोड शहरात कापडदुकानांची मोठी बाजारपेठ आहे. तिथल्या विक्रेत्या स्त्रिया दिवसभर पाणी पीत नसत. त्यातून मूत्रमार्गाचे विकार होत. आता आरोग्य खात्याने ‘भरपूर पाणी प्या’ असा फलक लावला असता तर काय झाले असते? काहीही नाही. त्या पाणी पीत नव्हत्या, कारण दुकानात शौचालय नव्हते. दिवसभर उभे राहून पाय सुजत, कारण गिऱ्हाईक नसतानाही बसायची मुभा नव्हती. पी. विजी या शिवणकाम करणाऱ्या बाईंनी या स्त्रियांना एकत्र केले. आधी शौचालयाची आणि मग बसण्याच्या हक्काची मागणी लावून धरली. वर्षानुवर्षांच्या लढ्यानंतर २०१८ साली केरळने दुकाने व आस्थापनांच्या कायद्यात दुरुस्ती करून बसण्याची सोय बंधनकारक केली. २०२१ साली तामिळनाडूनेही तसा कायदा केला. शौचालय असले की पाणी पिण्याचे प्रबोधन वेगळे करावे लागत नाही.

आपल्या चळवळीचा आरंभही याच समजुतीने झाला. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईच्या गिरणी कामगारांची संघटना उभी केली. थकलेल्या गिरणी कामगाराला विश्रांतीचे महत्त्व पटवून देत ते बसले नाहीत. त्यांनी रविवारची सुट्टी मागितली आणि १८९० साली ती मिळवली. सुट्टी मिळाल्यावर विश्रांती घ्यायला कामगाराला शिकवावे लागले नाही.

तंबाखू आणि दारूचेही तसेच आहे. बारा-बारा तासांच्या पाळीत रात्री तीन वाजता झोप उडवायला माणूस तंबाखू मळतो. त्याला कर्करोगाची चित्रे जरूर दाखवा, पण पाळीचे तास, मधली सुट्टी आणि गरम चहा यांची बोलणी त्याच्या बरोबरीने करा.

सोनागाचीचा अनुभव

कोणी म्हणेल, मग सगळे मालकाने आणि सरकारने करायचे, माणसाने काहीच बदलायचे नाही का? तसे नाही. परिस्थिती आणि माणूस दोन्ही कसे बदलतात, याचे एक फार बोलके उदाहरण कोलकात्यात आहे.

१९९२ साली तिथल्या सोनागाची वस्तीत देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांमध्ये एचआयव्हीचा प्रसार रोखण्याचा प्रकल्प सुरू झाला. डॉ. स्मरजित जाना हे त्याचे प्रमुख होते. सुरुवातीच्या पाहणीत निरोधचा नियमित वापर शेकडा ३ च्या आसपास होता. नेहमीची रीत म्हणजे डॉक्टर आणि समाजसेविका येऊन भाषण देणार, पत्रके वाटणार. इथे त्या वस्तीतल्याच स्त्रियांना मानधन देऊन शिक्षिका म्हणून नेमले. त्या घरोघर जाऊन बोलू लागल्या, तेव्हा खरी अडचण बाहेर आली. निरोध वापरला पाहिजे हे बाईला पटत होते, पण गिऱ्हाईक ऐकत नव्हते. तिने नकार दिला तर ते शेजारच्या खोलीत जात असे. घरमालकीण पैशासाठी तगादा लावी. सावकाराचे व्याज डोक्यावर. गुंडांचा आणि पोलिसांचा जाच वेगळाच.

म्हणजे सवय बाईची वाटत होती, पण तिच्या दोऱ्या दुसऱ्यांच्या हाती होत्या. मग कार्यक्रमाचे स्वरूप बदलले. १९९५ साली या स्त्रियांची स्वतःची संघटना, दुर्बार महिला समन्वय समिती, स्थापन झाली. त्याच वर्षी त्यांची उषा नावाची सहकारी पतसंस्था निघाली. हाताशी थोडी बचत आली, सावकाराचा फास सैल झाला, म्हणून एखादे गिऱ्हाईक परत पाठवणे परवडू लागले. शेजारच्या खोलीतलीही तेच उत्तर देणार याची खात्री झाली, म्हणून नकाराला वजन आले. घरमालकिणींशी आणि पोलिसांशी संघटना बोलू लागली. १९९० चे दशक संपता संपता वापराचे प्रमाण शेकडा ८० च्या घरात गेले.

यात आपल्या सगळ्यांना शिकण्यासारखे आहे. एकटी बाई ‘नाही’ म्हणू शकत नव्हती, संघटित बाया म्हणू शकल्या. प्रेसवरचा एकटा कामगार दोन्ही बटणे वापरतो म्हणाला तर त्याची नोकरी जाते. एका पाळीतले सगळे चाळीस जण म्हणाले तर टार्गेट खाली येते.

व्याख्यान आणि निर्णय

आता दुसरी गोष्ट. निर्णय कोणी आणि कसा घ्यायचा?

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत चांगल्या मांसाची टंचाई होती. जनावराचे हृदय, गुर्दे असे अवयव खायला तिथल्या गृहिणी तयार नव्हत्या. कुर्ट लेविन या मानसशास्त्रज्ञाने एक प्रयोग केला. काही गटांना उत्तम व्याख्यान दिले. पोषण, देशाची गरज, पाककृती, सगळे सांगितले. दुसऱ्या गटांत व्याख्यान न देता चर्चा घडवली. घरच्यांना हे का आवडत नाही, अडचणी कोणत्या, त्यावर उपाय काय, हे स्त्रियांनीच एकमेकींना सांगितले. शेवटी ‘या आठवड्यात कोण करून पाहणार?’ असे विचारून हात वर करायला लावले. वेळ दोन्हीकडे सारखाच दिला होता. नंतर चौकशी केली तेव्हा व्याख्यान ऐकलेल्यांपैकी शेकडा ३ जणींनी पूर्वी कधी न केलेला पदार्थ करून पाहिला होता, चर्चा करून ठरवलेल्यांपैकी शेकडा ३२ जणींनी.

दहापटीने फरक! आणि हे मी व्याख्यान देऊनच तुम्हाला सांगतो आहे, हे माझ्या लक्षात आहे. म्हणूनच हे भाषण संपल्यावर तुम्ही गटांत बसणार आहात आणि खरे काम तिथेच व्हायचे आहे.

चर्चा म्हणजे द्वारसभा नव्हे. द्वारसभेत एक बोलतो आणि पाचशे ऐकतात. तिचे महत्त्व वेगळे आहे. सवयीच्या कामाला दहा-पंधरा जणांचा, एकाच विभागातला, एकाच प्रकारच्या यंत्रावरचा गट लागतो. त्यात फोरमन नसावा. कंत्राटी कामगार असलाच पाहिजे, कारण सर्वांत धोक्याचे काम बहुधा त्याच्याच वाट्याला येते. आणि विभागातला तो जुना, मान असलेला कामगार हवाच, जो म्हणतो, ‘वीस वर्षे असेच करतोय, मला काही झाले नाही.’ त्याने बटणावरची पट्टी काढली, तर विभागातली निम्मी पोरे त्याच दिवशी काढतील.

आखणी कशी करायची

आता शाखेने कार्यक्रम हातात घ्यायचा तर तो कसा, हे क्रमाने सांगतो.

पहिले, एकच सवय निवडा आणि ती डोळ्यांना दिसणारी असू द्या. ‘सुरक्षित काम करा’ ही सवय नव्हे, ती सदिच्छा झाली. ‘अडकलेला नग हाताने न काढता चिमट्याने काढणे’ ही सवय. ‘दुरुस्तीपूर्वी मेन स्विच बंद करून त्याला आपले कुलूप लावणे आणि किल्ली स्वतःच्या खिशात ठेवणे’ ही सवय. शेजारी उभा असलेला माणूस हो किंवा नाही सांगू शकेल इतकी ती स्पष्ट हवी.

दुसरे, सुरू करण्यापूर्वी मोजा. आठवडाभर, तिन्ही पाळ्यांत, दिवसातून काही वेळा फेरी मारून किती यंत्रांवर चिमटा वापरात आहे हे वहीत लिहा. नाव कोणाचेही लिहू नका. ज्या दिवशी वहीत नाव आले आणि ती वही पर्सोनेल खात्यात पोचली, त्या दिवशी तुमचा कार्यक्रम संपला असे समजा.

तिसरे, कारण शोधा. वर सांगितलेले तीन प्रश्न गटापुढे ठेवा. चिमटा का वापरत नाही? उत्तरे येतील ती अशी: चिमटा एकच आहे आणि तो दुसऱ्या पाळीच्या कपाटात असतो. नग घसरतो, चिमट्याची पकड बसत नाही. डायला तेल कमी असते म्हणून नग अडकतो. टार्गेट पुरे होत नाही. यातले एकही उत्तर ‘आम्ही बेपर्वा आहोत’ असे नाही, हे पाहा.

चौथे, उत्तरांची दोन पानांवर विभागणी करा. व्यवस्थापनाने करायच्या गोष्टी एका पानावर, आपण करायच्या दुसऱ्या पानावर. पहिले पान लिहिताना एक क्रम लक्षात ठेवा. धोका मुळातच काढून टाकता येतो का, हे आधी पाहायचे. नाही तर कमी धोक्याचा पर्याय. नाही तर यंत्राला गार्ड, सेन्सर, धूळ ओढणारा पंखा. त्यानंतर कामाची पद्धत आणि पाळ्या. हातमोजे, चष्मा, मास्क हे सर्वांत शेवटी. फलक लावणारे नेमके उलट्या टोकापासून सुरुवात करतात, कारण मास्क स्वस्त असतो आणि पंखा महाग.

पाचवे, पहिल्या पानाची बोलणी झाल्यावर, निदान त्यातल्या मुख्य गोष्टी पदरात पडल्यावर, दुसऱ्या पानावर गटाने हात वर करून निर्णय घ्यायचा. चिमटे आले, डाय दुरुस्त झाली, टार्गेट नव्याने मोजले. आता मात्र चिमट्याशिवाय हात घालायचा नाही. इथे संघटनेने ठाम राहायचे. मालकाने त्याच्या वाट्याचे केल्यावर आपण आपल्या वाट्याचे केले नाही, तर पुढच्या वेळी टेबलावर आपल्या शब्दाला किंमत राहणार नाही.

सहावे, पुन्हा मोजा आणि आकडा विभागाच्या फळ्यावर लिहा. दर महिन्याला गट बसवा. नवीन माणूस आला की त्याला पहिल्या दिवशी कोण सांगणार, कोणत्या भाषेत सांगणार, हे ठरवून ठेवा. माणसे सतत बदलत असतात अशा ठिकाणी हे केले नाही तर सहा महिन्यांत सगळे मूळपदावर येते.

बक्षिसाचा सापळा

एका गोष्टीपासून सावध करायचे आहे. ‘१०० दिवस अपघात नाही’ म्हणून सगळ्या विभागाला प्रेशर कुकर किंवा बॅग देण्याची प्रथा पुष्कळ कारखान्यांत आहे. यात काय होते? ९३ व्या दिवशी कोणाच्या हाताला कापले तर तो ते लपवतो. त्याने सांगितले तर चाळीस घरांचा कुकर जातो, मग त्याचेच सोबती त्याला गप्प करतात. कंत्राटी असला तर खाजगी डॉक्टरकडे नेऊन टाके घालतात आणि नोंद होत नाही. अपघात कमी होत नाहीत, फक्त कागदावरून नाहीसे होतात. आणि छोटा अपघात लपला की मोठ्या अपघाताची पूर्वसूचना हरवते.

म्हणून अपघाताचा आकडा हे कार्यक्रमाचे मोजमाप धरू नका. चिमटा किती यंत्रांवर वापरात आहे, किती गार्ड जागेवर आहेत, कामगारांनी किती धोके कळवले आणि त्यांतले किती दूर झाले, हे मोजा. कळवलेल्या धोक्यांची संख्या वाढली तर घाबरू नका. माणसे बोलू लागली, असा त्याचा अर्थ आहे.

कायद्याचा आधार

भोपाळनंतर, १९८७ साली, १९४८ च्या कारखाना कायद्यात दुरुस्ती झाली. धोकादायक कारखान्यांत कामगार आणि व्यवस्थापन यांचे समान प्रतिनिधी असलेली सुरक्षा समिती आणि संभाव्य धोक्याची सूचना देण्याचा कामगारांचा हक्क त्यात आला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याची जागा व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कामाची परिस्थिती संहिता, २०२० ने घेतली आहे. श्रमसंहितांना कामगार संघटनांचा जो विरोध आहे तो आपल्याला माहीत आहे आणि तो वेगळ्या व्याख्यानाचा विषय आहे. पण हातातले हत्यार वापरायचे सोडू नये. या संहितेतही आपल्या सुरक्षिततेबाबतची माहिती मालकाकडून मागण्याचा हक्क आहे. जिवाला किंवा शरीराला तातडीचा धोका वाटला तर मालकाला आणि त्याच वेळी निरीक्षकाला कळवण्याचा हक्क आहे. जिथे सुरक्षा समिती नेमली जाते तिथे कामगारांचे प्रतिनिधी मालकाच्या प्रतिनिधींपेक्षा कमी असता कामा नयेत. मघाशी सांगितलेले ‘पहिले पान’ तोंडी देऊ नका. समितीच्या बैठकीत लेखी द्या, इतिवृत्तात नोंदवून घ्या आणि त्याची प्रत शाखेकडे ठेवा. उद्या कोणाचे बोट गेले आणि ‘स्वतः गार्ड काढला’ असे लिहिले गेले, तर सहा महिन्यांपूर्वी आपण डाय दुरुस्तीची आणि टार्गेट कमी करण्याची लेखी मागणी केली होती, हा कागद त्या कामगाराच्या बाजूने उभा राहील.

शेवटी एवढेच. आपापल्या शाखेत परत गेल्यावर दहा सवयींची यादी करू नका. एक विभाग घ्या, एक सवय घ्या, तीन महिने घ्या. आधी मोजा, मग विचारा, मग मागा, मग ठरवा, आणि पुन्हा मोजा. पुढच्या अभ्यासवर्गाला येताना आधीची आणि नंतरची अशा दोन आकड्यांची वही घेऊन या. यश आले असेल तर ते सांगा, नसेल तर पहिल्या पानावरच्या कोणत्या मागणीशी गाडे अडले ते सांगा. त्यावर आपण पुढची लढाई ठरवू.

आता गटांत बसू या.